अंदाज अर्धाच सांगायचा

मी राळेगावात बसून स्पॅनिशचं इंग्रजी करते. हे सांगितलं की एस.टी.त शेजारी बसलेली बाई आधी माझ्याकडे पाहते, मग माझ्या चपलांकडे. पाहू दे. स्पॅनिश मी पुण्यात शिकले, तिथंच आठ वर्षं नोकरी केली, आणि आई गेल्यावर तीन महिन्यांची बिनपगारी सुट्टी टाकून बाबांकडे आले. सुट्टी संपत आली तेव्हा एका भाषांतर संस्थेनं चाचणीचं काम पाठवलं. स्पेनमधल्या एका सूत कंपनीचा पुढच्या वर्षीच्या विक्रीचा अंदाज. जमलं तर दर महिन्याला घरबसल्या काम. नाही जमलं तर मला पुण्याची गाडी, आणि बाबा घरात एकटे.

संस्थेच्या बाईंची अट एकच होती. "भाषांतर वाटायला नको. इंग्रजीत माणूस सहज बोलतो तसं हवं."

कोशाच्या भरवशावर राहिले असते तर आटोपलंच होतं. 'प्रेव्हिसिओन'ला कोश म्हणतो दूरदृष्टी. विक्रीला कसली आली दूरदृष्टी, तो साधा फोरकास्ट! 'एहेर्सिसिओ'ला म्हणतो व्यायाम. कंपनी काय जोर-बैठका काढते? ते आर्थिक वर्ष. असे एकेक शब्द सरळ केले. मग वाक्यं सहज वाटतात का, हे तपासायला मी ती आमच्या बोलीत बाबांना सांगू लागले. अंदाज बांधणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता, आणि बाबांनी जन्मभर कापसाचा अंदाज बांधला.

"विक्री जोरात वाढन," मी म्हणाले.

बाबांनी सुपारी कातरणं थांबवलं. "असं कोनी सांगते काय वं? नजर लागन ना!"

आमच्याकडे उभ्या पिकाचा अंदाज अर्धाच सांगतात. एकरी सात क्विंटल दिसत असले तर म्हणायचं, "चार निघाले तं निघाले." ऐकणाराही खुळा नसतो, मनातल्या मनात तीन वाढवून घेतो. यात कोणी फसत नाही. पूर्ण आकडा बोलणारा माणूस एक तर नवखा, नाही तर व्यापारी.

आणि मला ते पटलं! चांगल्या शिकल्यासवरल्या बाईला पटलं! सहज बोलणं म्हणतात ते हेच, असं वाटलं. जिथं 'वाढेल' होतं तिथं मी 'सगळं नीट राहिलं तर थोडं वाढू शकेल' केलं. तीसच्या तीस पानं अशी नम्र करून टाकली आणि ऐटीत पाठवली.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "मॅडम, मूळ अहवालात ही माणसं पेढे वाटतायत. तुमच्या इंग्रजीत ती सुतकात का बसलीत?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस मागून घेतले, फोन ठेवला आणि बाबांवर सुटले. "तुमच्यापायी झालं हे! स्पेनच्या लोकायले कोनाची नजर लागते?"

"मले काय मालूम," बाबा म्हणाले. "मले वाटलं, कापूसवाले हायेत तं आपल्यासारखेच असतीन."

दोन दिवस मी दार लावून बसले. प्रत्येक 'नक्की वाढेल' लिहिताना हात कचरायचा, खरं सांगते. तरी लिहिलं आणि पाठवलं.

पुढच्या दिवशी दुपारी मी मेलची वाट पाहत होते. बाबांचे एक जुने दोस्त फाटकाशी सायकल थांबवून त्यांना विचारत होते, "पोरगी राह्यते का मंग इथंच?"

"कायची राह्यते!" बाबा म्हणाले. "आठ दिसात जाईन थे पुण्याले. काई खरं नाई."

माझं डोकंच फिरलं. रोज यांना भाकर करून घालते, आणि हा माणूस मला खुशाल गाडीत बसवून मोकळा! भांडायलाच मी अंगणात निघाले. तेवढ्यात दोस्त हसले.

"म्हंजे लय आस लावून बसला तू," ते म्हणाले आणि सायकलवर टांग मारून गेले.

मी दारातच थांबले. बाबांनी दोस्ताचं म्हणणं खोडून काढलं नव्हतं, नुसते पायातल्या चपलेकडे पाहत उभे होते. हातातला फोन वाजला, मेल आला होता. काम मिळालं होतं, दर महिन्याचं.

बाबांनी वळून पाहिलं. "काय म्हन्ते थे बाई?"

"काई खास नाई," मी म्हणाले. "जमलं तं जमलं."

बाबा आत गेले, खाटेखालून माझी बॅग ओढून काढली, झटकली आणि माळ्यावर टाकून दिली.