चेकरच्या डोक्याला काम

पाहुण्यानं चप्पल काढायच्या आत "मळकं काय आणलं?" असं विचारणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला, हे मी माझं भाग्य समजतो. बायको वेगळा शब्द वापरते.

मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, वसमतला घर बांधलं आणि एक गावठी कुत्रं पाळलं. येईल त्याला हुंगून तपासायचं, म्हणून त्याचं नाव चेकर. इथवर सगळं ठीक होतं. मग मोबाईलवर कुठल्याशा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की कुत्र्याच्या डोक्याला रोज काम लागतं, नाहीतर ते उदास होतं. झालं! त्या दिवसापासून चेकरला ताटलीत भाकरी मिळणं बंद. ती मामांनी लपवायची आणि त्यानं शोधायची. मामांच्या घरून निघताना शहाणी माणसं बूट झटकत. मी एकदा न झटकता हेल्मेट घातलं आणि कानात भाकरीचा चुरा घेऊन मोटरसायकलवरून बसस्टँडपर्यंत गेलो. मागून चेकर, आणि चेकरमागून टाळ्या वाजवत मामा. "पास झाला, पास!"

पण भाकरी म्हणजे बालवाडी. "कुत्र्याचं डोकं नाकात असतंय, जावईबापू. रोज एकाच गल्लीचा वास घेऊन ते गंजतं." म्हणून येणाऱ्यानं आपल्या गावचं एक न धुतलेलं फडकं आणायचं, असा फतवा निघाला. हट्टा गावचा टॉवेल, साखरा गावचं उपरणं असे जिल्ह्याचे घाम अंगणातल्या दोरीवर ओळीनं लोंबू लागले. साबणसुद्धा धुऊन वापरणाऱ्या मामी नाकाला पदर लावून त्याखालून वाकून जात. मी एकदा भर उन्हातून पोचलो, तर मामा चार पाहुण्यांदेखत म्हणाले, "जावईबापू, बनियन काढा."

"मामा, लोक बसलेत."

"लोकांचं नको. तुमचंच पाहिजे."

मग परीक्षा. मामा ओरडायचे, "चेकर, साखरा!" आणि चेकर ज्या कापडाला मटणाचा वास असेल ते ओढून आणायचा. तो हट्ट्याचा टॉवेल आहे हे मी दाखवून दिलं, तर मामा म्हणाले, "मग टांगताना मीच चुकलो असंन."

मागच्या हिवाळ्यात मामी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या आणि चेकरनं अन्न सोडलं. मामांनी भाकरी लपवली, मग उघड्यावर ठेवली, मग नाकापुढं धरली. चेकर दाराकडं तोंड करून पडलेला. दोन दिवसांत बरगड्या दिसू लागल्या. मामींच्या वासाचं काहीतरी द्यावं म्हणून मामांनी घर उलथंपालथं केलं, पण जाण्याआधी त्या माउलीनं गोधड्यांपासून पायपुसण्यापर्यंत सगळं धुऊन टाकलेलं. शेवटी मामांनी फोन केला : नेसती साडी पाठव, न धुता. ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती साडी आली. स्वच्छ, इस्त्री केलेली, साबणाच्या वासाची. चेकरनं एकदा हुंगली आणि मान टाकली.

मामांनी माझ्यासमोरच फोन लावला. "धुतली काहून?"

"मग ड्रायव्हरच्या हातात मळकी साडी देऊ व्हय? लोक काय म्हणतील!"

"अगं, लेकरू मरून राहिलं इकडं!"

"आन् तुमी? तुमी जेवून राहिले ना?"

"माजं काय मधी काढती!" म्हणत मामांनी फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात डोकावलो. चूल थंड, कालचं दूध नासलेलं.

दुसरी साडी आली ती पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी, चोरीचा माल यावा तशी. शेवटची गाठ सुटली आणि फोडणीचा, बाळाच्या तेलाचा, मामींचा असा वास अंगणभर झाला. चेकर उठला, धडपडला, शेपटीनं बादली वाजवत आला. पण साडी मामांच्या हातात होती, आणि मामांचं तोंड साडीत.

"मामा, त्याला द्या की."

"आधी तपासाय नको? बराबर माल हाये का न्हाई ते."

तपासणी बरीच लांबली. चेकरनं कुंईकुंई करत त्यांच्या गुडघ्यावर पाय ठेवला.

"थांब रे," साडीतून आवाज आला. "माजं झालं न्हाई अजून."