आधी बैलाचं नाव सांग

फोन अनोळखी नंबरवरून आला. मी पुण्यात ऑफिसात होते, समोरच्या स्क्रीनवर तपासायचं काम अर्धवट पडलेलं. पलीकडे दीपकचा आवाज होता. दीपक म्हणजे माझा चुलत भाऊ, मोठ्या बाबांचा मुलगा. त्याच्या मोबाइलची बॅटरी उतरली होती म्हणून तो शेजाऱ्याच्या फोनवरून बोलत होता, पण हे मला नंतर कळलं. तो एवढंच म्हणाला, "ताई, बाबा गेले वं. वावरातच..." आणि मी, त्यांची लाडकी पुतणी, म्हणाले, "आधी बैलाचं नाव सांग." पलीकडून काही वेळ नुसते हुंदके ऐकू आले. मग तो कसाबसा म्हणाला, "तहसीलदार... तहसीलदार होतं वं, ताई." बातमी खरी होती.

वाचणाऱ्याला मी दगडाच्या काळजाची वाटेन. पण हा कायदा गेलेल्या माणसानेच घालून दिलेला होता. जानेफळला आमच्या गल्लीतल्या एकाला मुलाच्या अपघाताचा खोटा फोन आला होता, आणि आवाज हुबेहूब मुलाचा होता. त्या दिवसापासून मोठ्या बाबांनी घरात हुकूम काढला. फोनवर बरीवाईट कसलीही बातमी आली, की आधी घरातलाच माणूस सांगू शकेल असा प्रश्न विचारायचा. प्रश्न ते ठरवत. कधी जुन्या गाईचं नाव, कधी कोणाच्या लग्नात मांडव पडला ते. तहसीलदार हा आमचा लाल बैल. एकदा बसला की जागचा उठायचा नाही, म्हणून ते नाव. आणि एकदा वापरलेला प्रश्न पुन्हा चालत नसे. "तो प्रश्न मेला," असं ते म्हणत, आणि नवा ठरवत. मोठी आई, म्हणजे दीपकची आई, कपाळावर हात मारून घ्यायची. "सोताच्या पोरालेही परीक्षा देऊन घरात या लागते," म्हणायची. पुढे विद्यापीठात सरांनी एकदाच चालणाऱ्या पासवर्डचा धडा शिकवला, तेव्हा भरल्या वर्गात मी एकटीच हसले होते.

संशय हा त्यांचा स्वभाव होता तसा गावातला मानही होता. पंचक्रोशीत कुठे सोयरीक जुळायची झाली की मुलीकडचे आधी मोठ्या बाबांना गाठत. ते मुलाच्या गावी जात, पण मुलाच्या घरी जात नसत. समोरच्या चहाच्या टपरीवर बसत, न्हाव्याकडे दाढी करून घेत, किराणावाल्याशी पावसापाण्याचं बोलत. एका ठिकाणी अंगणात उभा असलेला ट्रॅक्टर पाहुण्यांपुरता मागून आणलेला आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. घरातली कोंबडी त्याच्या चाकाला घाबरत होती, एवढ्यावरून! बाहेरचा चहा मात्र ते कधीच पूर्ण प्यायचे नाहीत. शेवटचा घोट कपात ठेवायचा. तळाशी काय असेल ते सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरच्या चहालाही तोच नियम होता, आणि त्यावरून मोठी आई आयुष्यभर रुसली.

अशा माणसाच्या घरातली मुलगी अमरावतीला माहिती प्रणाली शिकायला निघाली. माझ्या बाबांना विषय कळला नाही, पण त्यांनी मान डोलावली. मोठ्या बाबांनी मात्र विचारलं, "माहिती कोनाची?"

"लोकांची. दवाखान्याची, दुकानाची, बँकेची. ती नीट साठवायची, पाहिजे तेव्हा काढता आली पाहिजे."

"म्हंजे लोकायच्या घरातल्या गोष्टी जमा कराच्या. आन हे शिकाले अमरावतीले जा लागते? आपल्या गल्लीत फुकट शिकवते बाया."

मी सुट्टीत घरी आले आणि लॅपटॉप उघडला, की ते जेवताना त्याच्यावर टॉवेल टाकायचे. त्यातला कॅमेरा बंद आहे हे मी शपथेवर सांगूनही उपयोग नसे. एकदा तर न सांगता विद्यापीठातच आले. आम्ही प्रयोगशाळेत बसलो होतो. मी बाजार समितीतल्या आवकेची नोंद ठेवणारी एक प्रणाली बनवत होते, आणि खिडकीच्या गजांपलीकडे एक पांढरी टोपी दिसली. मी शिकते आहे की भटकते आहे, ते पाहायला आले होते. पोरं आठवडाभर माझी टिंगल करत होती. मी रागाने म्हणाले, "माझ्यावर तरी भरोसा ठेवा." ते शांतपणे म्हणाले, "भरोसा पाहूनच येते, बाई." मला त्या दिवशी फार लागलं होतं, आणि ते लागणं पुढे बरीच वर्षं गेलं नाही.

शेवटच्या वर्षी आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला. सकाळी गणिती कोडी, दुपारी एकमेकींच्या खोट्या मुलाखती, आरशासमोर उभं राहून इंग्रजीत स्वतःची ओळख. पुण्याच्या एका कंपनीने तिघींना निवडलं, त्यात मी होते. अट एवढीच की मूळ गुणपत्रिका दोन वर्षं त्यांच्याकडे ठेवायच्या. मोठ्या बाबांचे कान टवकारले.

"चौकशी केल्याबिगर पोरगी देत नसते."

"नोकरी आहे मोठे बाबा, लग्न नाही."

"दिवसभर तुले त्यायच्याच घरात राहाचं हाय ना? मंग?"

आणि ते खरोखरच पुण्याला गेले. कंपनीत गेले नाहीत, समोरच्या टपरीवर बसले. तिथले लोक त्यांच्या बोलण्याला हसले असणार, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. परत आले आणि ओसरीवर बसून निकाल दिला, "नाई. पोरं बाहेर येते तं मान खाली. कोनी कोनाशी बोलत नाई. दोन पोरी तं चहा पेता पेता रडल्या. चहावाला म्हने, तोंडं सारखे बदलत राह्यते." माझ्या बाबांनी मोठ्या भावाचा शब्द कधी मोडला नव्हता. मी नकार कळवला. बाकीच्या दोघी गेल्या, आणि मी जानेफळला गच्चीवर नेटवर्क शोधत एकामागून एक ऑनलाइन परीक्षा देत राहिले. शिकलेली मुलगी घरी बसली की काय होतं हे आपल्याकडे सांगायला नको. पाहुणे यायला लागले. दुसऱ्यांच्या मुलांची चौकशी करणाऱ्याच्या घरात आता माझी चौकशी होऊ लागली. माझी सगळी धडपड पाहुण्यांच्या पोह्यांत संपणार, अशी भीती मला रोज वाटायची.

ती संपली नाही. पुण्यातच दुसऱ्या एका कंपनीत मला काम मिळालं. दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रणालीत चुका आणि चोरवाटा शोधण्याचं, थोडक्यात पगारी संशय घेण्याचं. तिथे गेल्यावर पहिल्या कंपनीत गेलेल्या त्या दोघींपैकी एक भेटली आणि तिने मला तिच्या ऑफिसच्या भागात नेलं. मोठ्या बाबांनी खूण म्हणून सांगितलेली बँकेसमोरची टपरी दिसली. मी म्हणाले, "हेच ना तुमचं ऑफिस?" ती म्हणाली, "छे, हे तर कर्जवसुलीचं कॉल सेंटर. आमचं मागच्या रस्त्यावर, तिथेही याच बँकेची शाखा आहे." ती तिथे मजेत होती, गुणपत्रिकाही तिला परत मिळाल्या होत्या.

मी तिथूनच फोन लावला. "मोठे बाबा, तुम्ही दुसऱ्याच दारासमोर बसला होता!" मी खूप बोलले. ते ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मंग त्या पोरी काऊन रडत होत्या वं?" मी फोन ठेवला.

पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. कोंबडीवरून ट्रॅक्टर ओळखणारा माणूस नेमका माझ्याच वेळी दार चुकतो? की चुकलाच नव्हता? मुलगी लांब जाऊ नये, हाताबाहेर जाऊ नये, म्हणून हे रचलं तर नव्हतं? खिडकीतली ती टोपी मला पुन्हा पुन्हा दिसायची. हा माणूस माझ्यावर कधीच भरोसा ठेवणार नाही, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. शेवटच्या भेटीत मी त्यांना चहा करून दिला, त्यांनी नेहमीसारखा घोटभर ठेवला, आणि प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला. तेवढ्यात ते म्हणाले, "जाय आता, गाडी चुकंन." मी उठले.

जानेफळला मोठ्या बाबांसाठीचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, तेव्हा मी मोठ्या आईला सरळच विचारलं. ते चुकीच्या दारासमोर मुद्दाम बसले होते का?

"मुद्दाम? त्यायले रस्ता समजला नाई वं. तुया फोन आला त्या दिवशी जेवले नाई. आन मंग पुन्हा गेले होते पुन्याले. या बारीनं पाटी दोघातिघायकडून वाचून घेतली."

"माझ्या कंपनीची चौकशी करायला?"

"नाई. तुयी."

ती पुढे म्हणाली, "तुया हापिसासमोरचा चहावाला म्हने, ते जानेफळवाली मॅडम? ते कोनाचं खरंच मानत नाई, सगळ्यायचं काम पुन्हा पाह्यते, पोरं वैतागते तिले. घरी आले आन मले म्हने, आता या पोरीची काई काळजी नाई. तुले सांगू नको म्हने."

मी त्यांचीच पुतणी. मोठी आई माझं समाधान करते आहे, असा संशय मला तिथेच आला. पुण्यात परतल्यावर दुसऱ्या सकाळी मी ऑफिससमोरच्या टपरीवर गेले आणि आपलं काहीच न सांगता विचारलं, इथे कधी एक पांढऱ्या टोपीचे काका येऊन गेले का? चहावाला हसला. "आले होते ना. तुमच्याबद्दल इतकं विचारत होते की मला वाटलं स्थळाचं काहीतरी आहे. आणि चहा शेवटपर्यंत प्यायले नाहीत हो. मी म्हटलं काका, आवडला नाही का? तर म्हणाले, चांगला आहे, पण राहू दे." मी त्याच्या बाकावर बसले आणि भर सकाळी, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर रडले. आमच्या कंपनीची चौकशी करायला त्या वेळी कोणी आलं असतं, तर घरी जाऊन काय सांगितलं असतं कोण जाणे.

त्या संध्याकाळी मी मोठ्या आईला फोन लावला. ती खरं बोलली होती, हे तिला सांगायचं होतं. मी "हॅलो, मोठी आई" म्हणाले, तर पलीकडून काहीच नाही. पुन्हा म्हणाले. मग तिचा आवाज आला, कधी ऐकला नव्हता इतका कडक.

"बैलाचा प्रश्न मेला. दीपकनं वापरला तो."

"हो, पण..."

"आता नवा. आपल्या दोघीतला. सांग, दीपकचे बाबा दुसऱ्या बारीनं पुन्याले कोनाची चौकशी कराले गेले होते?"

ती वाट पाहत होती, उत्तर आल्याशिवाय ती बोलणार नव्हती.

"माझी," मी म्हणाले.

"हाव," मोठी आई म्हणाली. "बोल आता."