कावळे नसलेलं बेट

२०२० साली गावी वडील वारले. विमानं बंद, म्हणून दहाव्याचा पिंड मी डब्लिनजवळ, स्वोर्ड्सच्या पार्कात ठेवला. इथला कावळा राखाडी जाकीटवाला, फांदीवरून हलेना. "दारू सोडतो, अण्णा," म्हटलं, तरी नाही. अण्णा मला ओळखून होते.

बाकावर दुर्बीणवाला एक म्हातारा होता, गरम बेटांवर दुर्मिळ पक्षी बघत हिंडलेला. मी काय करतोय ते विचारून, देवळात बोलावं तसं हळू म्हणाला, "मी एका बेटावर कावळे पाहिले होते. आता तिथल्या रानात एकही नाही."

मनात आलं, तिथल्या बापांनी कुणाच्या चोचीने जेवायचं?

तेवढ्यात राखाडी उतरला, भात टिपला. म्हाताऱ्याने टोपी काढली. मी हात जोडायचंसुद्धा विसरलो, तोंड उघडं टाकून बघतच राहिलो.