शिट्टी वाजली म्हणजे मत झालं

काळूरामचे कान लूमनं खाल्ले होते. कामतघरच्या यंत्रमाग कारखान्यात मिसरूड फुटायच्या आधीपासून उभा होता तो. पण बहिरेपणाचा त्यानं कुणाला थांगपत्ता लागू दिला नव्हता. त्या खडखडाटात सगळेच हातवाऱ्यांनी आणि ओठांनी बोलायचे. तिथं कान कुणाचे धड, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. घराबाहेर बायको सखी सांभाळून घ्यायची.

लपवायला कारणही तसंच होतं. आदल्या वर्षी एका बहिऱ्या कारागिराला मागून मारलेली हाक ऐकू आली नाही आणि त्याचा हात लूमच्या फिरत्या पट्ट्यात गेला. शेठनं पट्ट्याला जाळी काही बसवली नाही. बहिरा दिसला की काढून टाक, एवढंच मुकादमाला बजावलं. धन्य तो शेठ!

२००४च्या लोकसभेला मतदानाचं मशीन आलं. शिक्का मारून कागद पेटीत टाकला की झालं, एवढंच काळूरामला ठाऊक होतं. शाळेतल्या केंद्रावर एका उमेदवाराचा माणूस म्हणून काळूरामच्या कारखान्याचा मुकादम केसरीनाथच बसलेला. सखी बाहेर बायकांच्या रांगेत अडकलेली. मतदान घेणारे साहेब कागदात डोकं खुपसून म्हणाले, "शिट्टी वाजली म्हणजे मत झालं." ओठ दिसले नाहीत. काळूरामनं नुसती मान हलवली.

आडोशामागे त्यानं चिन्हासमोरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. लूमच्या स्टार्टरवर हिरवं म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. मशीन बंद पडलं, असंच त्याला वाटलं. शिट्टी खोलीभर वाजून गेली होती आणि हा बिचारा जोर लावून बटण दाबतच होता.

"झालं मत, या बाहेर!" साहेब ओरडले. रांगेतले लोक हसले. काळूराम जागचा हलला नाही. बऱ्याच वेळानं घाम पुसत तो साहेबांपुढे आला.

"साहेब, मशीन बंद पडलंय. माझा मत गेला न्हाय."

केसरीनाथ उठून त्याच्या पाठीमागे आला.

"काळूराम!"

दारातली रांगसुद्धा वळून बघू लागली. काळूराम साहेबांच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होता.

केसरीनाथ समोर आला. दुष्ट नव्हता तो. त्याला वाईटही वाटलं असेल. कारखान्यात बोलायचा तसा, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून तो म्हणाला, "उद्या ड्युटीवर येऊ नको."

काळूरामला शब्दन् शब्द कळला.