दिराच्या इंजिनाला मी जामीन

शाळेत नोकरी म्हणजे पगारदार, आणि पगारदार म्हणजे जामीन. माझ्या सासरी, पूर्णगडात, हा नियमच. कुणी होडीसाठी कर्ज काढलं की कागद माझ्याकडे यायचे, चहा व्हायचा आणि बोट दाखवतील तिथं मी सही करायची. वाचत बसणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं. धाकट्या दिराच्या होडीच्या इंजिनाला मी अशीच जामीन राहिले.

यंदा लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायला दहा दिवस. हे गेल्यापासून घरात पगार माझा एकटीचा, म्हणून शैक्षणिक कर्जासाठी रत्नागिरीतल्या बँकेत गेले, तीही ऐटीत. अहो, जन्मात कुणाचे पाच रुपये बुडवले नाहीत! साहेबांनी माझा क्रेडिट रिपोर्ट काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. इंजिनाचं कर्ज, थकीत, बँकेनं बुडीत धरलेलं. माझ्या रिपोर्टात!

"हे माझं नाही हो. मी नुसती जामीन."

"मॅडम, कर्जदारानं नाही भरलं की जामीनदाराच्या रिपोर्टातही येतं."

बाहेर येऊन दिराला फोन लावला. "अहो वहिनी, इंजिन ओढून नेलंन ना बँकेनं! मग फिटलं की!" धन्य रे बाबा! इंजिनाच्या लिलावात निम्मीच रक्कम वसूल झाली होती, उरलेलीवर व्याज चढत होतं. नोटिसा आल्या होत्या, माझ्या नावाच्यासुद्धा, सासरच्या पत्त्यावर. त्या न उघडताच त्यानं देव्हाऱ्यामागे खोचून ठेवल्या होत्या. मी इतकी ओरडले की बँकेचा शिपाई बाहेर येऊन बघून गेला.

चार दिवसांत दिरानं जाऊबाईंच्या पाटल्या मोडून बाकी भरली. माणूस लबाड नाही, बावळट आहे. दाखला घेऊन मी परत बँकेत. साहेब म्हणाले, "खातं बंद झालं, चांगलं झालं. पण थकल्याच्या नोंदी काही वर्षं तशाच राहतात. स्वच्छ रिपोर्टवाला जामीन आणा."

दुसऱ्या दिवशी शाळेत शेजारच्या वर्गाच्या बाईंना विचारलं. वीस वर्षांपासूनची मैत्रीण. तिनं लगेच पेन उघडलं. "कुठं करू, सांग."

"आधी वाच," मी म्हटलं. मला राहवलंच नाही.

तिनं वाचलं. सगळी पानं, सावकाश. मग पेनाला टोपण लावलं. "घरी ह्यांना विचारून सांगते हां."

मला भयंकर राग आला. तिचं काही चुकलं नव्हतं, तिच्या जागी मी असते तर आता मीही तेच केलं असतं. पण आला तो आलाच. दोन दिवस मी तिच्याशी धड बोललेही नाही. तिनं विषय काढला नाही, दुसरं कुणी मिळालं नाही, आणि दहाव्या दिवशी लेकीची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली.

लेक रडली नाही. जेवताना तिनं मला एवढंच विचारलं, "आई, काकाच्या कागदावर डोळे मिटून सही केलीस, मग माझ्याच कागदाच्या वेळी तिला वाचायला का लावलंस?"