शालनकाकूचं मौन

शालनकाकूने आयुष्यात कोणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये आम्ही शेजारी होतो. मी दारातून "काकू, जरा..." म्हटलं की ती साखरेची वाटी घेऊन हजर. मला हवी असायची कात्री! वर पुन्हा, "अगं, मेरेको सब मालूम है. तू काल जन्मलीस." गल्लीतला सिंधी दुकानदार भाव सांगायला तोंड उघडायचा तोच ही, "साईं, इतना नहीं होता, चलो, पॅक करो," म्हणून पिशवी पुढे करायची. मला तिचा रागही यायचा आणि तिच्यावाचून करमायचंही नाही.

या बाईने शिर्डीच्या पदयात्रेत एक दिवस मौन धरायचं ठरवलं तेव्हा अख्खं मंडळ खो खो हसलं. मी नाही हसले, कारण मला कारण ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी तिची एकुलती लेक वर्षा सहा महिन्यांचं बाळ घेऊन अचानक माहेरी आली होती. "आई, मला ना..." एवढं ती म्हणाली, आणि काकूने ओळखलं, पोरगी सासरी भांडून आलीय. तिने तासभर संसारावर व्याख्यान दिलं आणि संध्याकाळी रिक्षा करून तिला बदलापूरला, बेलवलीला परत पोचवलं. वर्षा त्यानंतर आली नाही. फोनही उचलेना. शेवटी काकूने साईबाबांना सांगितलं, "मी दिवसभर तोंड उघडत नाही, पण तेवढी माझी पोर माझ्याशी बोलू दे."

घोटी मागे पडली तेव्हा नुकतं उजाडत होतं. धुकं इतकं की पुढचा झेंडा दिसायचा, तो धरणारा माणूस नाही. भात कापून झालेली खाचरं, ओल्या पेंढ्याचा वास, कुठेतरी एखाद्या बैलाच्या गळ्यातली घंटा. काकू माझ्या शेजारून चालत होती आणि तिच्या पावलांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. चालता चालता झापड यायची. वाटायचं, आपण चालतच नाही, रस्ताच हळूहळू पायांखालून मागे सरकतोय. मध्येच काकू कोपराने ढोसून तारेवरचा खंड्या दाखवायची. मी बघायचे, ती बघायची, आणि आम्ही पुढे. तिच्या सोबतीत इतकं निवांत मला कधी वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू!

दहाच्या सुमाराला चहाला टेकलो आणि काकूचा फोन वाजला. वर्षाचं नाव. काकू पांढरीफटक पडली. बोलली तर नवस मोडणार, नाही बोलली तर पोर पुन्हा दुरावणार. तिने एक हात तोंडावर दाबला आणि दुसऱ्याने फोन माझ्याकडे दिला. मी स्पीकर लावला.

"वर्षा, मी अनुताई. आई इथेच आहे गं, पण तिचं आज मौन आहे."

"आईचं? मौन?" ती हसली. "तुझ्या स्टेटसवर फोटो बघितला. पाय किती सुजलेत तिचे."

काकूने फोनवर नखाने टकटक केलं.

"ऐकतेय ती," मी म्हटलं.

मग वर्षा बोलायला लागली, अडखळत. "आई, त्या दिवशी मी भांडून नव्हते गं आले. बाळ रात्र रात्र रडायचं. मला फक्त दोन दिवस झोपायचं होतं. तुझ्याकडे झोप लागते मला. बाकी काही नव्हतं."

काकूचे ओठ हलले. वाटलं, मोडला नवस! पण तिने पदर दातांत धरला आणि नुसती मान हलवत राहिली. फोन ठेवल्यावर ती उठली आणि सगळ्यांच्या पुढे चालत गेली. मी तिला एकटीला जाऊ दिलं.

मुक्कामी संध्याकाळची आरती झाली, मौन सुटलं. आता काकू काय काय बोलते म्हणून बायका गोळा झाल्या. तिने वर्षाला फोन लावला. "रविवारी घरी पोचतेय मी. ये. झोपायला ये." एवढंच.

काकू जाऊन आता वर्ष होईल. मला आठवते ती मात्र यात्रेहून परतल्यानंतरच्या त्या सोमवारची. तोवर मी कॅम्प चार सोडून बदलापूरच्या शिरगावात राहायला गेले होते, तिथून मुद्दाम तिच्याकडे आले होते. एरवी पुढच्या खोलीत जीन्स शिवायच्या चार मशिनी दिवसभर धडधडायच्या. आज चारही बंद, कारागिरांना सुट्टी. माल न्यायला आलेला शेठ दारात तावातावाने बोलत होता. काकूने त्याचं सगळं ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत. मग ओठांवर बोट ठेवून कुजबुजली, "कल आना, साईं. मेरी बेटी सोयी है."