हिरवा रंगवलेला उतार

नकाशा पुढे ठेवला की ते चष्मा कपाळावर सरकवायचे, कुठंतरी बोट टेकवायचे आणि विचारायचे, "इथं पाय लागले का?" लागले नसतील तर त्या दिवशी आपली काही धडगत नसे.

दिल्लीच्या आमच्या सरकारी ऑफिसात ते माझे साहेब आणि आर. के. पुरममध्ये वरच्या मजल्यावरचे शेजारी. बाजार नुकता खुला झाला होता. सगळं ऑफिस गुडगावच्या प्लॉटांबद्दल बोलायचं आणि आम्ही दोघं हिमालयातल्या एका नदीच्या जंगली खोऱ्यात कुठली जमीन किती नाजूक आहे, ते ठरवत बसायचो. उतार, माती, झाडं यांना गुण द्यायचे. गुण कमी पडले तर नकाशावर लाल रंग, चांगले आले तर हिरवा. लाल जागी डोंगर फोडून रस्ता काढता येत नसे.

एका वस्तीच्या डोक्यावरच्या उतारावर मी चढलेच नाही. जीप बंद पडली होती, पाय दुखत होते आणि नदीपलीकडून सगळं गर्द दिसत होतं. उपग्रहाच्या चित्रातही तसंच. मी झाडांचे पूर्ण गुण दिले. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा मी "हो सर" म्हणाले. तुम्हीही म्हणाला असता, अशी मी माझी समजूत घालते.

अहवाल गेला. महिन्याभरात त्याच उतारावरून रस्ता काढायचा प्रस्ताव आला. दोन दिवस अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी बसस्टॉपवर त्यांना खरं सांगून टाकलं.

"अच्छा," ते एवढंच म्हणाले. रिटायर व्हायला तीन आठवडे होते, गुडघे कामातून गेलेले. तरी रजा टाकून स्वतः तो उतार चढून आले. पिशवीतून मुळासकट उपटलेलं एक झुडूप काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

"घाणेरी आहे अगं सगळी. मोठी झाडं कधीच तोडलीत. लांबून जंगल वाटतं, खाली माती हाताने सुटते."

दुरुस्तीच्या टिपणात त्यांनी लिहिलं, "चूक माझी." माझं नाव कुठंच नव्हतं. "यार, जाते जाते क्यों?" असं लोकांनी परोपरीनं समजावलं, पण ऐकतील तर ते कसले.

टिपण वर गेलं आणि वरच राहिलं. ते गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. पावसाळा लागला की त्यांचा फोन यायचा.

"रस्त्याचं काय गं? मला सारखी ती वस्ती दिसते."

"काम थांबवलंय, सर."

"पक्कं?"

"बिल्कुल."

मग त्यांचा आवाज मोकळा व्हायचा, काकूंच्या लोणच्यापर्यंत गप्पा जायच्या. काम थांबलं नव्हतं. पहिल्याच वर्षी सुरुंग लागले होते.

यंदा मार्चमध्ये ते गेले. अगदी निश्चिंत मनानं गेले, असं काकू म्हणाल्या.

कालपासून तिकडे मुसळधार पाऊस असल्याचं रेडिओवर सांगताहेत. मी सकाळपासून वस्तीतल्या पोस्टाचा नंबर फिरवते आहे. लाइन लागत नाही.